आधी पॉट, मग कपॅसिटर: जुन्या थ्री-वे स्पीकरजोडीचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

परवा डाव्या स्पीकरचा मिडरेंज, म्हणजे मधले सूर वाजवणारा ड्रायव्हर, पुन्हा गेला. जळला नाही. मागचा नॉब केसभर हलवला की गाणारी बाई परत येते, हात काढला की पुन्हा तंबूत. त्या नॉबने छळलं नसतं तर 'फोम बदलला, मजा आली' एवढ्यावरच हा अनुभव आटोपला असता.

खालच्या सुरांना १२ इंची वूफर, बंद पेटी, मागे मिड आणि ट्वीटरचे (वरच्या सुरांच्या ड्रायव्हरचे) दोन कंट्रोल. सत्तरच्या दशकातली अशी जोडी ज्यांच्याकडे आहे त्यांना बाकी सांगायला नको. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाहीच. मी ही जोडी एक धडधाकट अॅम्प्लिफायर देऊन बदल्यात घेतली. 'सगळे कपॅसिटर नवीन टाकलेत, फिल्मचे!' हे देणाऱ्याने मला इतक्यांदा ऐकवलं की स्पीकर वाजवून बघायचं मागेच पडलं. वूफरच्या कोनभोवतीची फोमची रिंग बोट लावताच भुगा होत होती, तो भाग मी धरूनच चाललो होतो. पॉलियुरेथेन फोम हवेने आणि दमटपणाने कुजतोच, स्पीकर वाजवा की झाकून ठेवा.

फोमचं काम लोक उगाच बाऊ करतात तेवढं अवघड नाही. वेळ खातो तो जुना गोंद खरवडण्यात. डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) न कापता, हलक्या आवाजात २०-३० हर्ट्झचा टोन सोडून नवी रिंग चिकटवली. कॉइल घासली तर लगेच ऐकू येतं. टिकते म्हणून रबराची रिंग लावा असं सांगणारे बरेच भेटतात. बंद पेटीत कोनला मागे ढकलायचं मुख्य काम आतली हवा करते. एडगर व्हिल्चरने १९५४ च्या एआर-१ स्पीकरमध्ये हीच युक्ती बाजारात आणली. त्यामुळे कोनची स्वतःची रिंग जितकी लुसलुशीत तितकी बरी. जाड, ताठ रबर लावून ती का बिघडवायची? शिवाय फोमचं किट स्वस्त. बसवल्यावर कोन हळूच आत दाबून सोडा. सावकाश बाहेर आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर गास्केट कुठेतरी गळतंय.

आता पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रोध, जो आवाज कमीजास्त करतो. आत गोल तारेचं वेटोळं, त्यावर फिरणारी धातूची पट्टी, बस्स. वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहून ती पट्टी काळीहिरवी पडते आणि सगळं संगीत त्या गंजातून वाट काढतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला. काही आठवडे स्वर्ग, मग पुन्हा खरखर. मग पॉट बाहेर काढून उघडलेच. व्हिनेगरमध्ये बुडवले, बारीक पॉलिश पेपरने घासले, मल्टिमीटर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. आकडा कुठेही उडी न मारता चढला पाहिजे. उजव्याचे दोन्ही तेव्हापासून गप गुमान आहेत. डाव्या मिडच्या पट्टीला मात्र खड्डाच पडलाय, तिथे घासून काय उपयोग!

इथपर्यंत माझं मत असं होतं की त्या फिल्म कपॅसिटरवर पैसे उधळलेले आहेत. ते आता थोडं बदलतो. पॉट साफ झाल्यावर ट्वीटर एकदम टोचायला लागला. जुन्या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरमध्ये स्वतःचा थोडा रोध असतो, तो नकळत ट्वीटरला आवरून धरतो; फिल्ममध्ये तो जवळजवळ नसतोच. एक छोटा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला आणि टोचणं थांबलं. काढलेले कपॅसिटर पिशवीत मिळाले होते, तेही मोजले. ट्वीटरचा छापील आकड्यापासून बराच वर सरकला होता, म्हणजे तो बदलणं रास्तच होतं. वूफरचा मोठा मात्र ठणठणीत. नेमका त्याच्याच बदल्यात वीटेएवढा महागडा फिल्म बसवलाय, आणि त्या पैशात चारही कंट्रोल नवे येऊन वर उरले असते.

डाव्याच्या मिडला नवा एल-पॅड, म्हणजे पॉटच्या जागी बसणारा आवाजाचा कंट्रोल, लावायचा तर नुसता लावून भागत नाही. जुना पॉट पूर्ण उघडा (म्हणजे नॉब पूर्ण वर) असतानाही ड्रायव्हरला समांतर राहून क्रॉसओव्हरला, म्हणजे सूर ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटला, दिसायचा. एल-पॅड पूर्ण उघडला की तो समांतर रोध नाहीसा होतो आणि क्रॉसओव्हरची जागा सरकते. म्हणून एल-पॅडच्या इनपुटला पॉटच्या रोधाएवढा, चांगल्या वॅटचा रेझिस्टर समांतर द्यायचा. आणि दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून उजव्या मिडलाही तेच करायचं, चालू पॉट काढून. इथे माझा हात अडतो. खरं तर मी नॉब महिनोन्महिने एकाच खुणेवर ठेवतो. तिथला रोध मोजून दोन पक्के रेझिस्टर डागले की कटकट कायमची संपली, तीही चिल्लर पैशात. पण नॉब नसलेली जोडी पुढे कोणी अदलाबदलीत घेत नाही. जेबीएल कंपनीने १९७० च्या एल-१०० स्पीकरचं नवं रूप २०१८ मध्ये आणलं, त्यातही पुढे दोन नॉब शाबूत आहेत. माणसाला फिरवायला काहीतरी लागतं.

तर एल-पॅड मागवलेत, दोन. सध्या हॉर्नवाल्या एका अवाढव्य जोडीशी बदलीची बोलणी चालू आहेत. समोरच्याने कपॅसिटरची कंपनी विचारली, वायरची जाडी विचारली, लाकडावरचे ओरखडे फोटोत मोजून घेतले. मी त्याला एवढंच कळवलंय की भेटायला येईन तेव्हा गाणं चालू ठेवून त्याचे नॉब मी स्वतः या टोकाचे त्या टोकाला फिरवणार. दोन दिवस झाले, उत्तर नाही.