नोट चमकली म्हणून मी बल्ब घेतला

दुकानदाराने जांभळा बल्ब लावला, गल्ल्यातून पाचशेची नोट काढली आणि त्या उजेडाखाली धरली. नोटेवरचे आकडे उजळले, कागदातले बारीक तंतू चमकायला लागले. "बघा ताई, अस्सल यूव्ही. बँकेत नोटा तपासतात तोच प्रकाश. आता पिल्लांना ऊन दाखवायची गरजच नाही."

मी पतपेढीत कॅशियर आहे. नोटा तपासायचं यंत्र रोज माझ्या टेबलावर असतं. म्हणून तर माझा त्या चमकणाऱ्या नोटेवर चटकन विश्वास बसला. त्या बल्बखाली आम्ही कासवाची दोन पिल्लं ठेवली. त्यातलं एक तीन महिन्यांत गेलं, दुसरं जेमतेम वाचलं. ज्यांच्या घरात मुलं कासवाचा हट्ट धरून बसली आहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

२०२४च्या दसऱ्याच्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही नाशिकला राहतो. मुलगा तेव्हा सातवीत होता, वर्षभर कासव-कासव करत होता. फिशटँकचं सामान मिळतं अशा एका दुकानात आम्ही गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असाच माल विकणारी दुकानं प्रत्येक शहरात आहेत. त्याने आधी हळूच विचारलं, "तारावालं पाहिजे का? मागून आणून देतो. घरात असलं की पैसा टिकतो." पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं ते आपलं देशी कासव. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि पैसा टिकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याला आपण नमस्कार करतो. जिवंत कासव जंगलातून उचलून कपाटाखाली ठेवणं ही काही भक्ती नव्हे. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी नाही म्हटलं. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं.

मग त्याने आफ्रिकन सल्काटाची पिल्लं दाखवली. "ही परदेशी जात आहे, एकदम लीगल, सर्टिफिकेटसकट देतो." लिंबाएवढी दोन पिल्लं, फिकट पिवळसर पाठ, काळे डोळे. मुलाने तिथल्या तिथे नावं ठेवली: बटाटा आणि चिंगी. जोडीचे ९,००० रुपये आणि 'फुल सेट'चे ७,५००. सेटमध्ये दीड फुटाची काचेची पेटी, हिरवं प्लास्टिकचं गवत, 'कॅल्शियम सँड'ची पिशवी, तो जांभळा बल्ब आणि गोळ्यांच्या खाद्याचा डबा. केवढी होतात असं मी विचारलं, तर म्हणाला, "पेटीच्या मानाने वाढतात ताई. फार तर ताटलीएवढी."

हे धादांत खोटं होतं. सल्काटा हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्यातलं कासव, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचं. मुख्य भूमीवरच्या कासवांत याच्याहून मोठी जात नाही. पूर्ण वाढ झालेलं कासव ४०-५० किलोंचं सहज होतं, जमिनीत खोल बीळ खणतं आणि माणसाइतकं जगतं. पेटी लहान असली म्हणून कुठलंही कासव लहान राहत नाही. लहान पेटीत ते आजारी पडतं, एवढंच.

पहिला महिना बरा गेला. दोघं काचेला नाक लावून दिवसभर त्याच एका कोपऱ्यात पाय मारत राहायची. आम्हाला वाटायचं, खेळतात. काचेपलीकडे दिसतं पण जाता येत नाही, हे त्यांना कळत नाही आणि ती दमतात, हे मला नंतर समजलं. डिसेंबरात थंडी पडली. नाशिकची थंडी काय असते ते इथल्यांना सांगायला नको. पहाटे आमच्या हॉलमध्ये १७ अंश व्हायचं. बटाट्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले, दोघांचं खाणं कमी झालं. चालताना पोट जमिनीला घासायचं, पाय अंग उचलतच नव्हते. मी दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "थंडीत सुस्त होतात. बल्ब जास्त वेळ लावा." आम्ही तो बल्ब चौदा-चौदा तास लावला. तो उबही देत नव्हता, हे हात धरून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी बटाटा पेटीत मान बाहेर टाकून पडलेला होता. मुलाने त्याला हातात घेतलं आणि म्हणाला, "आई, याची पाठ दबते आहे." पाठ खरंच दबत होती, उकडलेल्या बटाट्यावर बोट दाबावं तशी. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

चिंगीला घेऊन मी पुण्याला गेले. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर फार थोडे आहेत, आधी फोन करून खात्री करूनच जावं. डॉक्टरांनी वजन केलं: ४७ ग्रॅम. दुकानातून आणली तेव्हा ४१ होती. तीन महिन्यांत दुपटीहून जास्त व्हायला हवी होती, ते म्हणाले. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की रेषा शोधाव्या लागत होत्या. ठळक पांढरं दिसत होतं ते आतड्यात, ती कॅल्शियमची वाळू. खाल्ली तरी पचते, असं पिशवीवर छापलेलं होतं. प्रत्यक्षात ती ओली होऊन आत चिकटून बसली होती.

मी सोबत नेलेला बल्ब त्यांना दाखवला आणि नोटेची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "नोट खरोखरच चमकते. पण तुम्ही चुकीच्या परीक्षेचा निकाल बघितलात."

मग त्यांनी जे समजावलं, ते मी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच मला माहीत असायला हवं होतं. अतिनील किरण, म्हणजेच यूव्ही, एकाच प्रकारचे नसतात. नोट चमकवतात ते यूव्हीए, साधारण ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे. स्वस्तातल्या जांभळ्या एलईडीमधून तेवढेच निघतात. कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी लागतात, २९० ते ३१५ च्या आसपासचे. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. मग शरीर रक्तातली कमतरता भरून काढायला हाडांतलंच कॅल्शियम ओढतं. कासवाचं कवच हे हाडच आहे, बरगड्या आणि कणा त्यातच जोडलेले असतात. म्हणून पाठ मऊ पडते, जबडा मऊ पडतो, पाय अंग पेलत नाहीत. आम्ही रोज कॅल्शियमची पूड टाकत होतो, ती त्या पिल्लांच्या अंगी लागतच नव्हती. आणि एक गोष्ट मी खिडकीशी पेटी ठेवून स्वतःच केली होती: साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ आत येतच नाहीत. काचेआडचं ऊन फक्त पेटी तापवतं, आणि बंद पेटी फार भराभर तापते.

उपचार सहा आठवडे चालले. सुरुवातीला इंजेक्शनं, मग तोंडातून कॅल्शियम, रोज कोमट पाण्यात बसवणं. त्याच काळात आम्ही राहण्याची जागा नव्याने केली. ही माहिती कुणी आयती दिली नाही, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

गल्लीतल्या सुताराकडून चार फूट बाय दोन फुटांचा प्लायचा खोका करून घेतला, आतून सनमायका, म्हणजे ओलीने प्लाय फुगत नाही. बाजू अपारदर्शक, त्यामुळे चिंगीचं भिंतीशी झटणं पहिल्याच दिवशी थांबलं. वर अर्ध्या भागावर झाकण, कारण आतली ओल टिकायला हवी. तळाला चार इंच माती आणि कोकोपीट, खालचा थर दमट, वरचा बोटाला कोरडा लागेल इतपत. इथे माझी आणखी एक समजूत मोडली. वाळवंटाच्या कडेचा प्राणी म्हणजे कोरडं हवं, असंच कुणालाही वाटेल. पण त्या प्रदेशातली पिल्लं बराचसा वेळ बिळांत, झुडपांच्या मुळाशी, दमट जागेत असतात. ऑस्ट्रियातल्या पशुवैद्यकांनी सल्काटाच्याच पिल्लांवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात त्याला खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा कोरडी हवाच जास्त कारणीभूत आहे, असं त्यात दिसलं. आमच्या खोक्यात हवेतली ओल ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

प्रकाशासाठी यूव्हीबीची लांब ट्यूब आणली, डब्यावर यूव्हीबीची टक्केवारी छापलेली आणि किती अंतरावर टांगायची तेही लिहिलेलं. साडेचार हजार पडले. मध्ये काच किंवा प्लास्टिक काहीही नाही. जाळीही नको, ती बरेच किरण अडवते. ही ट्यूब दिसायला उजळ राहिली तरी तिचे यूव्हीबी हळूहळू कमी होत जातात, म्हणून लावल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवली आहे. साधारण वर्षाने बदलायची. एका टोकाला उबेचा साधा बल्ब, त्याखाली ३५ अंश. दुसऱ्या टोकाला २७. कासवाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्याला उबेतून गारव्यात आणि गारव्यातून उबेत जाता आलं पाहिजे. दीड फुटाच्या पेटीत ते शक्यच नव्हतं. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडलेला, म्हणजे २६ च्या खाली जात नाही. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. हे वायरमनने आपणहून सांगितलं, त्याचे उपकार.

लपायला अर्धी फुटकी कुंडी उपडी ठेवली. पाण्याला कुंडीखालची मातीची ताटली, तिची कड चिंगीच्या हनुवटीपेक्षा खाली, नाहीतर पिल्लं उलटी होऊन बुडतात. खायला हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पान. डब्यातल्या गोळ्या माशांच्या पुडीच्या होत्या, पाण्यातल्या कासवांसाठी असतात तशा. गवत खाणाऱ्या प्राण्याला आम्ही तीन महिने मासे चारले.

आता त्या सर्टिफिकेटबद्दल. लॅमिनेट केलेला कागद, गोल शिक्का, इंग्रजीत 'कॅप्टिव्ह ब्रेड', म्हणजे जंगलातून न पकडता माणसाच्या ताब्यातच पैदास झालेलं. मी तो घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेले. जाताना पोटात गोळा होता, पण लपवून ठेवणं त्याहून वाईट वाटत होतं. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला. अशा परदेशी जातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ मध्ये तसे नियम आले आहेत. विकणाऱ्याकडे नोंद असायला हवी, प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. दुकानदाराच्या कागदावर नोंदणी क्रमांकच नव्हता. मी सगळी हकिकत जशी घडली तशी लिहून दिली आणि अर्ज केला.

दुकानदाराने आधी फोन उचलले, मग "प्राण्याची गॅरंटी नसते ताई" असं ऐकवलं, मग नंबर ब्लॉक केला. प्राण्याची गॅरंटी मी मागतच नव्हते. बल्बच्या खोक्यावर 'यूव्हीबी १०.०' असा स्टिकर होता आणि त्यातून यूव्हीबी निघत नव्हते, एवढंच माझं म्हणणं होतं. स्टिकर नखाने खरवडला तर खाली नखांवरची नेलपॉलिश वाळवायच्या दिव्याचं चित्र निघालं. त्याचे फोटो, यूपीआयची पावती आणि डॉक्टरांचा अहवाल जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडेही असा बल्ब असेल तर तो फेकू नका, खोक्यासकट जपून ठेवा. पैसे रोख दिले असते तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं.

आणि तुमच्या घरी आत्ता पिल्लू असेल, तर आजच त्याला तळहातावर घ्या आणि पाठीवर अगदी हलकेच बोट ठेवून बघा. दबत असेल तर दुकानदाराला फोन करू नका, डॉक्टरांना करा. बटाट्याच्या बाबतीत मी आधी दुकानदाराला व्हिडिओ पाठवला आणि त्यात आमचे चार आठवडे गेले.

चिंगीची पाठ एप्रिलमध्ये टणक झाली. दुकानातल्या पेटीत काढलेल्या महिन्यांचा खडबडीत पट्टा तिच्या पाठीवर कायमचा राहणार आहे, त्याच्या कडेने नवीन वाढ गुळगुळीत येते आहे. उद्या ती चाळीस किलोंची होईल तेव्हा तिला फ्लॅट पुरणार नाही, म्हणून सासऱ्यांच्या दिंडोरीच्या मळ्यात कुंपण घातलेली जागा करायचं ठरलं आहे. मुलगा रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करतो आणि वहीत लिहितो. आजचा आकडा २३६ ग्रॅम. परिवेशवरच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.