वाचाघाताच्या रुग्णांची शुश्रूषा: ठाण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव
पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. शब्द सापडत नाहीत, पण बुद्धी शाबूत असते. घोडबंदर रस्त्यावरील ज्या रुग्णालयात माझे सासरे दाखल होते, तेथील दिवसपाळीच्या परिचारिकांना याची पुरेपूर जाण होती. सिस्टर आधी टीव्ही बंद करीत, समोर बसून ‘बाबा, चहा हवा की दूध?’ असे विचारताना दोन्ही कप दाखवीत आणि उत्तराची शांतपणे वाट पाहत. बाबांचे वाक्य स्वतःच पुरे करण्याची घाई सिस्टरांना मुळीच नसे. उजवा हात लुळा पडल्याने दुखणारी जागा ते चित्रांच्या तक्त्यावर डाव्या हाताने दाखवीत. रात्रपाळीत मात्र तक्ता कपाटातच राही आणि बदली सिस्टर, बाबांना उत्तम ऐकू येत असूनही, मोठ्याने बोलत. अशा रुग्णांच्या खुणांचे अर्थ पलंगाशी लिहून ठेवण्याची व्यवस्था रुग्णालयाने तातडीने करावी.