मून अँड स्टार्स कलिंगडाचं बी: पाकिटावर 100 दिवस लिहिलंय, पण कुठून मोजायचे ते लिहिलेलं नाही

आधीच सांगते, मी काही शेतकरी नाही. नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला आमच्या घरामागे जेमतेम वीस बाय पंधराचा तुकडा आहे, त्यात टोमॅटो, मेथी, दोन मिरच्या आणि यंदा हट्टाने कलिंगड. बी ऑनलाइन मागवलं, एका छोट्या एअरलूमवाल्या दुकानाकडून, नाव नाही घेत कारण पुढे थोडी तक्रार आहे. पाकीट चार डॉलरला, आत 25 बिया.

एअरलूम म्हणजे आपल्याकडच्या गावरान बियाण्यासारखं, हायब्रिड नाही, जवळपास दुसऱ्या जातीची कलिंगडं नसतील तर यातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की तेच फळ येतं. मून अँड स्टार्सची गोष्ट भारी आहे, 1926 मध्ये पीटर हेंडरसन कंपनीने हे बी बाजारात आणलं, मग हळूहळू गायबच झालं, आणि 1980 च्या सुमारास मिझुरीत एका शेतकऱ्याकडे पुन्हा सापडलं, तिथून सीड सेव्हर्स एक्स्चेंज या जुनी बियाणी जपणाऱ्या संस्थेने ते वाचवलं. गडद हिरव्या सालीवर पिवळे बारीक ठिपके म्हणजे चांदण्या आणि एखाददुसरा मोठा डाग म्हणजे चंद्र. पानांवर पण तसेच ठिपके, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं रोगच पडला.

आता मुद्द्यावर येते, साइज आणि वाढ. पाकिटावर लिहिलंय 100 दिवस, 25 ते 30 पाउंड, आणि एका वेलाला चार फूट जागा पुरे. यातलं पहिलं अर्धं खरं, दुसरं माझ्याकडे झालं नाही आणि तिसरं चक्क थाप आहे.

एप्रिलच्या मध्यात उत्साहाच्या भरात चार बिया सरळ जमिनीत टाकल्या, चारही कुजल्या. ती चूक माझीच, माती गार असली की कलिंगडाचं बी नुसतं भिजत पडतं, त्याला खालून ऊब लागते. मग 3 मे ला सहा बिया कागदी कपात, खिडकीत, सहाव्या दिवशी पाच वर आल्या. कप कागदीच घ्या, कारण कलिंगडाला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत, कपासकट लावता येतं. 22 मे ला तीन रोपं बाहेर लावली, आमची लाल चिकणमाती, त्यात दोन पोती कंपोस्ट आणि उंचवटे करून. तुलनेसाठी शेजारी शुगर बेबी या लहान फळाच्या कलिंगडाच्या जातीचं एक रोप, तेही 3 मे लाच पेरलेलं.

आणि मग काहीच नाही. तीन आठवडे रोप जसंच्या तसं, चार पानांची सात पानं, बस. आई सहा महिन्यांसाठी आली होती, ती रोज सकाळी चहा घेऊन मागे जायची आणि विचारायची, "अगं हे वाढतंय का नुसतं बसलंय?" मी पण खत वाढवायला निघाले होते, नशीब नाही वाढवलं, कारण या काळात रोप खाली मुळं पसरत असतं, वरून नायट्रोजन ओतला तर नंतर नुसता पाला माजतो आणि फळं कमी धरतात.

जूनच्या मध्यावर एकदम चावी दिल्यासारखं सुटलं. आईने वेलाच्या शेंड्यापाशी आइस्क्रीमची काडी रोवून ठेवली, पाच दिवसांनी बघतो तर शेंडा काडीच्या वीस इंच पुढे! म्हणजे दिवसाला चार इंच. जुलैअखेर सगळ्यात मोठा वेल 13 फूट भरला, टोमॅटोत शिरला, मेथी गिळली आणि कुंपणावरून शेजाऱ्यांकडे निघाला होता. त्यामुळे चार फूट जागा वगैरे विसरा, वेलाला आठ-दहा फूट तरी सोडा, नाहीतर मग लावूच नका. शुगर बेबी मात्र शहाण्या मुलीसारखी सहा-सात फुटांवर थांबली.

फुलांचं पण एक सांगते, आधी नुसती नर फुलं येतात आणि गळून जातात, आई म्हणे सगळा बहर वाया चाललाय. मादी फुलं नंतर येतात, त्यांच्या मागे मण्याएवढं इवलंसं कलिंगड आधीपासूनच असतं. आमच्याकडे मधमाश्या कमी दिसल्या म्हणून सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून मीच मादी फुलाला घासलं, पाचातली चार धरली.

9 जुलैला धरलेल्या एका फळाचा मी हिशोबच ठेवला, आईच्या शिवणाच्या टेपने घेर मोजून. एका आठवड्याने 10 इंच, दोन आठवड्यांनी 20, तिसऱ्याला 27, चौथ्याला 30. पुढचे अडीच आठवडे मिळून फक्त दोन इंच, 32 ला थांबलं. म्हणजे फळ जे काही फुगतं ते पहिल्या महिन्यात, नंतर ते फुगत नाही, आत गोड होत असतं, आणि नेमकं तेव्हाच आपला धीर सुटतो. घाई करून तोडलं तर गेलं, कलिंगड तोडल्यावर घरात पिकत नाही, केळ्यासारखं नाही ते. देठाजवळचा ताणा पूर्ण वाळला पाहिजे आणि जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा लोण्यासारखा पिवळा झाला पाहिजे. आई वाजवून बघायची, मला त्या आवाजातलं आजपर्यंत काही कळलेलं नाही.

24 ऑगस्टला तोडलं. पेरल्यापासून 113 दिवस, रोप बाहेर लावल्यापासून 94. म्हणून म्हणते, 100 दिवस कुठून मोजायचे ते पाकिटावर लिहा ना. वजन बाथरूमच्या काट्यावर, आधी मी एकटी मग कलिंगड कडेवर घेऊन, वजाबाकी करून 19 पाउंड, साधारण साडेआठ किलो. या वेलावर मी एकच फळ ठेवलं होतं, बाकी लिंबाएवढी असतानाच खुडली, आई हळहळली पण फरक दिसतो, दुसऱ्या वेलावर तीन ठेवली तर ती 9 ते 11 पाउंडांच्या मध्येच राहिली. आणि त्यातलं एक ऑगस्टच्या वादळी पावसानंतर उभं तडकलं, आधी आठवडाभर पाणी द्यायला विसरलेले आणि मग एकदम धो धो, असं झालं की साल फाटतेच.

30 पाउंडाचं होत असेल, उघड्या शेतात, वाळूमिश्रित जमिनीत, भरपूर उन्हात. आमच्या शेजारच्या टेनेसीत 2013 मध्ये 350.5 पाउंडाचं, म्हणजे 159 किलोचं कलिंगड झालंय, जागतिक विक्रम, पण ती कॅरोलिना क्रॉस नावाची राक्षसी जात, तिच्याशी तुलना नको. शुगर बेबी मात्र 28 जुलैलाच तयार, 8 पाउंड, फ्रिजमध्ये अख्खं मावलं. आपल्याकडे ही जात वर्षानुवर्षं लावतात, त्यामुळे आईला ती ओळखीची वाटली.

आता तक्रार. तीनपैकी एका रोपाच्या पानांवर ठिपके आलेच नाहीत, मी वाट बघत बसले, शेवटी त्याला पट्टेवालं फिकट हिरवं कलिंगड लागलं, आतून पचपचीत. सरळसरळ बियाण्यात भेसळ. एअरलूमच्या नावाने दुप्पट पैसे घेता तर निदान जात तरी शुद्ध द्या. मेल केला तर चार दिवसांनी सॉरी आणि दहा टक्क्यांचं कूपन आलं. जागेची दिशाभूल करणारी माहिती साइटवर अजून तशीच आहे.

पण चव! कापताना सुरी टेकवली आणि ते स्वतःच कर्रर्र करत उकललं, गर गुलाबी-लाल, थोडा रवाळ, दुकानातल्या बिनबियांच्या कलिंगडात नसते अशी एक दाट गोडी. बिया मात्र खूप, मुलं वैतागली. साल जाड, आईने आतल्या पांढऱ्या भागाची दाण्याचं कूट घालून भाजी केली, दोन दिवस पुरली.

बी कुठल्या फळाचं धरायचं यावर घरात वाद झाला, नवरा म्हणे बारक्या फळाचं धर, मोठं आपण पाहुण्यांसमोर कापू. मी त्याला गोव्याचे मुख्यमंत्री राहिलेले मनोहर पर्रीकर सांगायचे ती त्यांच्या पर्रा गावची गोष्ट ऐकवली, शेतकरी सगळ्यात मोठी कलिंगडं पोरांना फुकट खायला द्यायचा आणि बिया तेवढ्या परत घ्यायचा, पुढे त्याच्या मुलाने मोठी विकायला आणि बारकी पोरांना असं सुरू केलं आणि काही वर्षांत गावची कलिंगडं लहान झाली. शेवटी 19 पाउंडवालं आम्हीच खाल्लं, बिया धुऊन पेपर टॉवेलवर वाळवल्या, आईने मोजल्या, चारशेच्या वर निघाल्या. शुगर बेबी तेव्हा शेजारीच फुललेली होती, त्यामुळे माश्यांनी थोडी सरमिसळ केली असणारच, म्हणजे माझं बी पण शंभर टक्के शुद्ध नाही, पुढच्या जूनमध्ये पानांवर किती चांदण्या येतात बघू.

पाचपैकी बियाण्याला चार, दुकानाला दोन. जागा कमी असेल तर शुगर बेबीच घ्या. आणि ते कूपन मी वापरलेलं नाही, कुणाला हवं असेल तर सांगा.