कर्जाचा विमा आणि घराचा विमा
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. भिंतींवर गाळाची रेघ उरली, प्लायवूडची कपाटे फुगली. गृहकर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून जाणार होता.

कर्जासोबत अनेकदा दिला जाणारा कर्जसुरक्षा विमा कर्जदाराच्या मृत्यूनंतर उरलेले कर्ज फेडतो. पुराने खचलेल्या भिंतीसाठी त्यातून काहीही मिळत नाही, आणि हा फरक पुष्कळांना पाणी ओसरल्यावरच कळतो, याचे फार वाईट वाटते. याउलट १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ, पूर आणि वीज यांमुळे झालेले इमारतीचे नुकसान भरून मिळते, शिवाय घरसामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण असते. दुरुस्तीसाठी हप्त्याचे पैसे वापरावे लागले आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली, तर कर्जखाते अनुत्पादित, म्हणजे वसुलीची खात्री न उरलेले, ठरते. म्हणून तारण शाबूत राखणारा हा विमा बँकेच्याही हिताचा आहे. घरात एकच कमावते माणूस असेल तर कर्जसुरक्षा विमा टाळू नये. नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्याने मात्र आधी घराचा विमा घ्यावा.