झोपाळा संखेड्याचा, कपाट मिस्त्रीचं, पलंग दुकानातला

बडोद्यात नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली की पेढे वाटून व्हायच्या आत फर्निचरचा वाद सुरू होतो. ओल्ड पादरा रोडवरच्या शोरूममध्ये मांडलेला सेट उचलून आणायचा, मोबाइलवर बघून खोक्यातनं मागवायचा, घरी मिस्त्री बसवायचा, की सरळ लाखेच्या रंगीत फर्निचरसाठी नावाजलेल्या संखेडा गावाची वाट धरायची? घरात जितकी माणसं तितकी मतं, आणि सासूबाईंचं सगळ्यांत ठाम. शेवटी कुणा एकाचं चालतं आणि अख्खं घर एकाच पद्धतीनं भरलं जातं. तिथेच गडबड होते. माझ्या मते निवड वस्तूगणिक करावी. जिला तुमच्या भिंतीचं माप लागतं ती करवून घ्यावी, जिचं माप बाजारानं आधीच ठरवून ठेवलंय ती तयार आणावी. संखेड्याला मात्र जायचं ते वेगळ्याच कारणासाठी.

सोप्यापासून सुरुवात करू. पलंग तयार घ्या. गाद्या ठरलेल्या मापातच येतात: डबलला ७८ बाय ६० किंवा ७८ बाय ७२ इंच, सिंगलला ७२ किंवा ७५ बाय ३६. मिस्त्री विचारतो, ‘‘साहेब, केवढा करू?’’ आपण खोलीकडे बघून हात पसरतो आणि ‘एवढा’ म्हणतो. मग पुढची पंधरा वर्षं गादी ऑर्डरची, चादरी एकतर आखूड नाहीतर लोंबणाऱ्या. हौसेनं सागवानी पलंग करायचाच असेल तर आधी गादी ठरवा, मग तिचं माप मिस्त्रीच्या हातात द्या. अभ्यासाचं टेबल, खुर्च्या, चपलांचा स्टँड यांचंही तेच. कारखान्यात हजारांनी बनणाऱ्या खुर्चीची पाठ बसणाऱ्याच्या सोयीनं तपासलेली असते. मिस्त्रीची खुर्ची बहुतेकदा काटकोनात उभी राहते आणि बसणाऱ्यालाही तसंच उभं करते.

सोफ्याच्या बाबतीत मी मधल्या मताची. दुकानातला सोफा दिसतो छान, पण कापडाखाली काय आहे ते कळत नाही. आत कुठलं लाकूड, पट्टे कसले, फोम ३२ डेन्सिटीचा की ४०चा, हे दुकानदार सांगेल तेच खरं. करवून घेतलेल्या सोफ्याचा सांगाडा कापड चढायच्या आधी बघता येतो. तो बघायला जावंच, फोटोवर भागवू नये. रावपुरा-दांडिया बाजारच्या जुन्या घरात राहत असाल तर आणखी एक कारण आहे: अरुंद जिना. तीनजणांचा तयार सोफा त्या जिन्याच्या वळणावर अडकला की वर जात नाही आणि खालीही येत नाही. मिस्त्री सुटे भाग वर नेऊन खोलीतच जोडतो.

कपाट आणि ओटा

इथे मात्र खरं माप लागतं. नव्या फ्लॅटमध्येही भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. जुन्या घरात तर वरच्या आणि खालच्या मापात इंचभराचा फरक सहज निघतो. तयार कपाट भिंतीला लावलं की बाजूला फट राहते आणि ती फट झुरळांना आवडते. वर स्लॅबपर्यंतचा दीड-दोन फूट भाग मोकळा राहतो, तिथे बॅगा आणि धूळ साठते. मिस्त्री बाजूची पट्टी भिंतीच्या चालीनं तासून बसवतो, बीमखाली माळा काढतो, मीटरच्या पेटीसाठी खाच ठेवतो.

आतलं कप्प्यांचं गणितही आपलं असतं. तयार कपाट बनवणाऱ्याला हँगर माहीत असतात. गौरींचे मुखवटे, त्यांच्या कोठ्या आणि वर्षातनं एकदाच निघणारं मखर कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलेलाच नसतो. रजया-गोधड्यांना खोल खण लागतो, घडीच्या साड्यांना उथळ. हे सांगून करवून घेता येतं, पण सांगता आलं पाहिजे. करवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःला काय हवंय ते माहीत नसेल तर मिस्त्री मागच्या घरातलंच कपाट तुमच्याकडे उभं करून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ‘हातचं ते उत्तम’ हे सरसकट खरं नाही. सनमायका लावलेल्या प्लायची कड हा कपाटाचा नाजूक भाग. कारखान्यात मशीन गरम गोंदानं ती पट्टी सलग चिकटवतं. घरी बसून हातानं लावलेली पट्टी दोन उन्हाळ्यांत कोपऱ्यातनं उचकटू लागते, कारण बडोद्याचा मे महिना गोंदाची परीक्षा घेतो. यावर मधला मार्ग आहे: शीट मापानं कापून आणि कडा मशीननं लावून देणारे जॉबवर्कवाले असतात. आपला मिस्त्री त्यांच्याकडनं तुकडे आणून घरी फक्त जोडणी करेल का, ते आधी विचारा. घरात भुसाही कमी उडतो.

तयार मालाची कमजोरी आतल्या बोर्डात असते. स्वस्त कपाटं पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली. एकदा जोडली की ठीक चालतात. बदली झाली, कपाट सोडलं, नव्या घरात पुन्हा जोडलं की स्क्रूची भोकं ढिली पडतात आणि दारं लोंबायला लागतात. भाड्याच्या घरात असाल आणि दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलत असेल, तर लोखंडी कपाट घ्या. ते दिसायला साधं आहे, एवढंच.

बडोद्यात पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. २०२४च्या ऑगस्टमध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला फुगलेल्या फर्निचरचे ढीग पडले होते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) पाण्यात फुगले की परत बसत नाहीत. प्लायमध्येही फरक आहे. एमआर, म्हणजे ‘मॉइश्चर रेझिस्टंट’, ग्रेडची प्लाय ओलसर हवा सोसते, साचलेलं पाणी नाही. आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असलेली मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याच्या चाचणीतनं गेलेली असते. अस्सल भरीव सागवान भिजलं तर सावलीत हळूहळू वाळवून, तासून पुन्हा वापरात येतं. पॉलिश तेवढं नव्यानं करावं लागतं. तळमजल्यावर राहणाऱ्यानं ओट्याखाली निदान मरीन प्लाय धरावी आणि कपाटं जमिनीला टेकवण्याऐवजी पायांवर उभी करावीत. तिसऱ्या मजल्यावरच्यानं हा खर्च फक्त सिंकखाली करावा. शिक्का प्रत्येक शीटवर असतो, तो माल उतरताना बघायचा. सनमायका चढल्यावर सगळ्या प्लाय सारख्याच दिसतात.

संखेडा

डभोईवरनं पुढे, बडोद्यापासून साधारण ४५-५० किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा आहे. २०१३ मध्ये छोटाउदेपूर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ते बडोदा जिल्ह्यात नाही, पण बडोदेकरांच्या मनात ते अजून आपलंच. तिथल्या खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कुटुंबांचं हे काम. सागाचा तुकडा चरकावर फिरवून गोल आकार द्यायचा, रंगाचा हात मारायचा, कथिलाची पूड सरसात कालवून बारीक कुंचल्यानं नक्षी काढायची, अकिकाच्या दगडानं घोटायची, मग चरक फिरत असतानाच वरून लाख चढवायची आणि केवड्याच्या पानानं चकाकी आणायची. कथिलाची नक्षी मुळात चंदेरी असते. तिच्यावर लाखेचा थर आला की ती सोनेरी दिसते. सोन्याचा त्यात कणही नसतो.

या फर्निचरला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. तरी शोरूममध्ये ‘संखेडा स्टाइल’ म्हणून जे मिळतं त्यात वरून ऑइलपेंटनं रंगवलेलंही असतं. नक्षीवरनं बोट फिरवून बघा. लाखेखाली दबलेली रेघ बोटाला लागत नाही, वरून काढलेली लागते. आणि नक्षी थोडी कमीजास्त असावी. चारही पायांवरची वेल हुबेहूब सारखी असेल तर मला शंका येते.

मापाची अपेक्षा घेऊन इथे जाऊ नये असं म्हणते ते अशासाठी, की संखेड्याचं काम गोल आकारांचं आहे. कोपरे, खण, सपाट दारं हा त्याचा प्रांत नाही. सोफ्याची पाठ कातीव दांड्यांची असते, ती टोचते, उशी लागतेच. पारंपरिक बैठक ठेंगणी असते आणि गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यातनं उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. सात तुकड्यांचा पूर्ण सेट दिवाणखान्यात मांडला की घराचा लग्नाचा स्टेज होतो. एकच वस्तू घ्या. पाळणा घ्या, घरात तीन पिढ्या बारशाला फिरतो. नाहीतर झोपाळा घ्या.

झोपाळ्याचं खास सांगते. जुन्या घरांत तुळईला कड्या असायच्या, त्यांत पितळी साखळ्या अडकवल्या की झालं. नव्या फ्लॅटात स्लॅबला हूक मारायचा म्हणजे बिल्डरची परवानगी, इंजिनियरचा सल्ला आणि वरच्या मजल्याची कुरकुर. संखेड्याचा झोपाळा स्वतःच्या चौकटीसकट येतो, भोकं पाडायची गरज नाही. भाग एकमेकांत बसणारे असल्यामुळे सुटे करून लिफ्टमधनंही जातो. तीन मापं घेऊन मगच निघा: चौकटीची उंची आणि वरचा पंखा यांत किती अंतर राहील, पाटाच्या पुढे-मागे दोन-अडीच फूट मोकळे आहेत का, आणि जाण्यायेण्याचा रस्ता त्याच्या झोक्यात येतो का. गावात गेलात तर रंग सांगता येतो. जुना रंग लालसर मरून. आता काळा, निळा, हस्तिदंतीही करतात. पाटाची लांबीही थोडी कमीजास्त करून देतात.

लाखेला तीन गोष्टी चालत नाहीत: गरम कप, स्पिरिट आणि थेट ऊन. चहाचा कप टेकवला की गोल डाग पडतो, सॅनिटायझर सांडला की लाख विरघळते. गॅलरीत ठेवायचा बेत असेल तर कुठलाही साधा लोखंडी झोपाळा परवडला. पुसायचं कोरड्या कापडानं. टवका उडालाच तर तो एक दांडा काढून संखेड्याला चरकावर परत चढवून आणता येतो. कारखान्यातल्या खुर्चीचा पाय मोडला की खुर्चीच जाते.

देव्हारा, चौरंग, मखर

हे मिस्त्रीकडनंच. तयार देव्हारे बहुधा एका मूर्तीच्या हिशेबानं केलेले असतात. आपल्याकडे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा, वर कुलस्वामिनीची तसबीर. पायऱ्या किती आणि प्रत्येकीची उंची किती हे सगळे देव टेबलावर मांडून, मोजून ठरवा. समईच्या ज्योतीवर निदान हातभर मोकळी जागा सोडायला सांगा, नाहीतर कळस काळा पडतो. आणि इथे प्लाय वापरू नका. लाकूड थोडंच लागतं, सागवान परवडतं.

मिस्त्रीशी व्यवहार

किमतीची तुलना करताना लोक एक चूक हमखास करतात: दुकानाचा पूर्ण भाव आणि मिस्त्रीची नुसती मजुरी समोरासमोर ठेवतात. मिस्त्री चौरस फुटावर भाव सांगतो तेव्हा तो मालासकट की मजुरीचा, आतून सनमायका की नुसता रंग, बिजागऱ्या आणि चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) कुठल्या कंपनीचे, हे कागदावर लिहून घ्या. पैसा खरा तिथे मुरतो. ड्रॉवर वर्षभरात अडखळू लागतो तो प्लायमुळे नाही, चॅनलमुळे.

वेळेचा हिशेब बडोद्याच्या पंचांगानं करावा. नवरात्रात रात्री गरबा खेळलेला कारीगर सकाळी नऊला येत नाही, आणि दिवाळीला गावी गेलेला लाभपाचम, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी, झाल्याशिवाय परतत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं घट्ट बसतात, ओलसर हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. कमुरत्यांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, गुजराती घरांत गृहप्रवेश होत नाहीत. आपल्याला ते पाळायचं नसेल तर चांगला मिस्त्री पकडायला तो महिना बरा. हवाही कोरडी असते. दुकानाचा फायदा इथे उघड आहे: पुढच्या रविवारी पाहुणे येणार असतील तर मिस्त्रीच्या नादाला लागू नका.

आणि मिस्त्री निवडताना त्याच्या मोबाइलमधले फोटो बघू नका. नव्या कामाचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो. तीन-चार वर्षांपूर्वी त्यानं केलेलं एखादं स्वयंपाकघर दाखवायला सांगा. तिथे गेल्यावर सिंकखालचं दार उघडा, खालची कड बोटानं दाबा, आणि घरच्या बाईंना विचारा की बिजागरी बिघडली तेव्हा तो किती फोननंतर आला होता.