जुन्या स्विफ्टला घाटासाठी ब्रेक पॅड: डब्यावरचं नाव सोडा, कडेवरची अक्षरं वाचा

गाडी मारुती स्विफ्ट, २००७ ची, १.३ लिटर पेट्रोल, व्हीएक्सआय. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत फिटनेस करून आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली आहे, तेव्हा ‘आता नवीन घ्या ना’ हा सल्ला कृपया देऊ नये. राहायला चिपळूण, माहेर कराड, मध्ये कुंभार्ली घाट. पॅड निवडले ते या घाटासाठी आणि कोकणातल्या पावसासाठी. गाडी फक्त पुण्यातल्या सिग्नलांवर थांबायची असती तर वेगळे घेतले असते.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. हजार किलोच्या आसपासची गाडी, चार माणसं, डिकीत आईने दिलेलं धान्य, असे तेराशे किलो धरा. पाचशे मीटर उंची उतरली तर साधारण साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी शंभरवरून एकदा थांबवायची तर अर्धा मेगाज्यूल. म्हणजे सगळा उतार ब्रेकवर काढला, तर शंभरवरून बारा-तेरा वेळा गाडी उभी करण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कांवर. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरलं की यातला मोठा वाटा इंजिन खातं. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांनी पुढचं वाचायची तसदी घेऊ नये, त्यांना कुठलेच पॅड पुरणार नाहीत.

माझी तक्रार अशी होती की घाट उतरून पायथ्याच्या पोफळीला पोचेपर्यंत पेडल तेवढंच कडक लागायचं, पण गाडी आवरायला पाय जास्त दाबावा लागायचा. हे पॅड तापल्याचं लक्षण. पॅडमधलं रेझिन (मिश्रण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) तापून वायू सोडायला लागलं की पकड सुटते. पेडलच मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे असं समजायचं. तिथे पॅड बदलून काही होणार नाही. दुकानात जाण्याआधी आपलं दुखणं या दोनांपैकी कुठलं ते ठरवा. निम्मे पैसे तिथेच वाचतात.

आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी तर मला पॅडच घेऊ दिले नाहीत आधी. ‘मॅडम, चाक उतरवू दे, मग बोलू.’ उतरवल्यावर दिसलं की डाव्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय. कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, सरकती पिन गंजून जाम झाली होती. डिस्कच्या काठाला गंजाची कड आलेली, आणि जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान मापाच्या अगदी जवळ. अशा डिस्कला लेथवर टर्निंग मारून घेण्यात अर्थ नाही, आणखी पातळ होऊन ती आणखी लवकर तापणार. दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. पिना साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं). ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ प्रतीचं भरलं. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषलेल्या अवस्थेत किमान १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय? शेवटी मागच्या ड्रमचे शू (ड्रममध्ये पॅडचं काम करतात ते) ॲडजस्ट केले.

आता पॅड. मूळ कंपनीचे पॅड वाईट नाहीत. रोज बाजारात आणि कॉलेजात जाणाऱ्याने तेच घ्यावेत, हे मी मनापासून सांगते. त्याहून वरचं काही हवं असेल तर ढोबळमानाने तीन जाती आहेत. सेंद्रिय तंतूंचे मऊ पॅड: शांत, डिस्कला सौम्य, पण घाटात लवकर दमतात. सिरॅमिक: आवाज नाही, चाकावर काळी धूळ कमी, दिसायला झकास. आणि सेमी-मेटॅलिक, ज्यात लोखंडाचा चुरा आणि तंतू भरपूर: उष्णता चांगली सोसतात, त्या बदल्यात थोडी कुरकुर आणि भरपूर धूळ. त्यातही एकाच कंपनीची अनेक मिश्रणं असतात. इंग्लंडच्या ईबीसीचंच बघा, ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ अशी रंगांवरून नावं आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. म्हणून ‘अमुक कंपनीचे घे’ हा सल्ला अर्धवट आहे. कुठलं मिश्रण, ते विचारा.

ते कळतं पॅडच्या कडेवर छापलेल्या कोडवरून. त्यात शेवटी बहुधा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानाला पकड किती, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ दिसलं तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, घाटवाल्यांनी डबा तिथेच परत करावा. ‘एफ-एफ’ म्हणजे गार-गरम सारखाच. अर्थात ही चाचणी एक इंची चौकोनी तुकड्यावर प्रयोगशाळेत होते, त्यावरून गाडी किती मीटरात थांबेल ते निघत नाही. युरोपातून आलेल्या पॅडवर ई (हा घर्षणांकाचा ई नव्हे) आणि आकड्याचं वर्तुळ व शेजारी ‘९०-आर’ असेल तर तो आर-९० नियमात बसलेला आहे, म्हणजे त्याचं काम मूळ पॅडच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आहे. कडेवर काहीच छापलेलं नाही असा पॅड फुकट दिला तरी घेऊ नका.

भाच्याकडे पुण्यात हीच गाडी आहे आणि त्याने महागडे परदेशी ‘परफॉर्मन्स’ पॅड लावलेत. त्याच्या हट्टामुळे ती ताम्हिणीत चालवली. तापल्यावर काय पकडतात! पण सकाळी गार गाडी काढली की पहिल्या दोन वळणांना पाय जास्त दाबावा लागतो. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर पोरगं आलं तर मला तापलेले पॅड कुठून मिळणार? ‘मावशी, सवय होते,’ म्हणाला. होत असेल. आणि एबीएस नसलेल्या गाडीला ओल्या रस्त्यावर शेवटी थांबवतो तो टायर. जास्त घर्षणांकाने चाक लवकर लॉक होतं, गाडी लवकर थांबत नाही. त्याचे टायर अजून जुनेच आहेत, हे मी त्याला सांगितलं, त्याने ऐकलं नाही.

मी घेतले ते देशी सेमी-मेटॅलिक, कडेवर एफ-एफ. दोन्ही चाकांचा सेट दीड हजाराच्या आत. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तिचाच याच गाडीसाठीचा दुसरा डबा दुकानात होता आणि त्याचा कोड निराळा होता. नाव वाचून गेलात तर तो उचलाल. बसवल्यावर गुहागर रस्त्यावर पहाटे ताशी साठवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत, असं पुन्हा पुन्हा केलं. पहिल्या काही ब्रेकला जळका वास येतो, घाबरू नका. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं मात्र राहायचं नाही, डिस्कवर पॅडचा डाग उमटतो आणि मग पेडल थरथरतं.

फरक? घाटात पोफळीपर्यंत पेडल घाटमाथ्यावर होतं तसंच राहतं, पायाचा जोर वाढवावा लागत नाही. यातलं श्रेय किती पॅडचं आणि किती सुटलेल्या पिनेचं, हे प्रामाणिकपणे वेगळं काढता येणार नाही. चाचांच्या मते पिनेचं जास्त. भर पावसात पाण्यातून गेल्यावर पहिला ब्रेक जरा उशिरा लागतो, तो आधीही लागायचा. पाण्यातून बाहेर आलं की मागे कोणी नाही हे बघून हलका ब्रेक मारून पॅड सुकवून घ्यायचे.

उणं एवढंच की रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की डिस्कवरचा गंज खरवडत घरघर होते आणि शेजारच्या काकू खिडकीतून बघतात. पुढची चाकं आठवड्यात काळी होतात, पांढऱ्या गाडीला ते दिसतंच. पार्किंगमध्ये हळू थांबताना कधी कधी चीं होतं. त्यासाठी पॅडच्या पाठीमागची शिम (आवाज दाबणारी पातळ पट्टी) बसवली आहे ना, ते गॅरेजात विचारा. आमच्या सेटसोबत शिम आल्या नव्हत्या, जुन्याच साफ करून लावल्या. मागचे शू अजून मूळचेच आहेत, ते दिवाळीआधी बदलायचेत.