नागपुरातला ‘कुटुंब सल्लागार गट’: पाचपैकी साडेतीन तारे

कुटुंबांच्या मानसिक आरोग्यावर अभ्यास करणाऱ्या शहरातल्या एका संस्थेने हा गट चालवला आहे: घरोघरी काय आणि कसं विचारायचं, यावर लोकांनीच संशोधकांना सल्ला द्यायचा. असा गट पारखायचा तर आधी एकच विचारावं: लोकांना बोलावलं कधी? एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आल्यावर बोलावलं तर प्रश्नावलीतला स्वल्पविरामही हलत नाही. बदल म्हटला की पुन्हा कमिटीकडे जाणं आलं, आणि तो खटाटोप कोणी करत नाही. इथे मसुदा कच्चा असतानाच लोकांपुढे ठेवतात. निम्मी लढाई तिथेच जिंकली.

गट दहा-बारा जणांचा. निम्मे स्वतः उपचार घेणारे किंवा घरात आजारी माणूस सांभाळणारे; बाकी आशाताई, अंगणवाडीताई, एखादे शिक्षक. वस्तीतल्या पुढाऱ्याला घेतलेलं नाही, हे बरंच केलं. भाऊ खुर्चीत बसले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

खरी कमाई दिसते ती घरभेटीच्या पद्धतीत. मूळ आराखडा असा: दुपारी घरी जायचं, कुटुंबप्रमुखाची सही घ्यायची, मग सुनेला प्रश्न विचारायचे. गटाने तिन्ही गोष्टी मोडीत काढल्या. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकलेला असताना अख्खं घर एका कूलरपुढे असतं. सासू हाताच्या अंतरावर बसलेली असताना सून ‘नाही जी, सगळं बरं आहे’ एवढंच म्हणणार. आता भेट सकाळी होते, दोघं जातात. एक जण बाकीच्यांना चहा-गप्पांत गुंतवतो, दुसरा मुलाखत घेतो. घर नको असेल तर अंगणवाडीत. सहीचं म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ९९ स्पष्ट आहे: संशोधनासाठी नुसती मुलाखत घ्यायची असली तरी आजारी व्यक्तीची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते. सासऱ्यांच्या ‘हो’ने भागत नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरताना मात्र शब्दांना हात लावू दिला नाही, आणि तेही योग्यच. प्रमाणित प्रश्नांचे शब्द बदलले की गुणांची तुलना इतर अभ्यासांशी करता येत नाही. गटाने बोट ठेवलं ते नवव्या प्रश्नावर. त्यात जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल विचारतात, आणि पहिल्या मसुद्यात उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय, याबद्दल ओळही नव्हती. आता ठरलंय: उत्तर शून्याखेरीज, म्हणजे ‘अजिबात नाही’ याखेरीज, काहीही आलं की कागद पिशवीत टाकून निघायचं नाही. त्याच वेळी समुपदेशकाला फोन, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्या व्यक्तीच्या हातात, पाठपुरावा कोणी करायचा त्याचं नाव अर्जावर.

आता कमी पडलेला दीड तारा. त्यातला एक सरळ हिशेबाचा: सूचनांचं पुढे काय झालं, हे कळतच नाही. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच. सूचना, घेतली की नाही, नसल्यास कारण, असा तीन रकान्यांचा कागद पुढच्या बैठकीत वाटायला काय जातं? तो नसला की लोक दोन बैठकांनंतर फिरकत नाहीत, आणि अहवालात मात्र ‘लोकसहभाग’ छापून येतो.

उरलेला अर्धा मानधनाचा. पैसे फक्त बँक खात्यात. ज्या बाईचं पासबुक मुलाच्या कपाटात असतं, तिला ‘हे कशाचे पैसे?’ या प्रश्नाला घरी तोंड द्यावं लागतं, आणि जे गुपित राखायचं तेच फुटतं. व्हाउचरवर सही घेऊन रोख देता येतं. ऑटोचं भाडं त्याच दिवशी, वेगळं.

घरात कोणी आजारी असेल आणि गटात जायचा विचार असेल, तर आधी विचारून घ्या की तुमच्याच मोहल्ल्यातलं कोणी त्यात आहे का. गोपनीयतेच्या कागदावर सह्या सगळेच करतात, पण नळावरच्या गप्पांना तो कागद लागू होत नाही.